मोटारीचे तेल आणि मैनाबाईंची भेट

श्री. ऐकणारांस आयुष्य, सांगणारास सबूरी. शके अठराशे छप्पन्न, भावनाम संवत्सर, ते समयी घाटमाथ्यावर एक लहानसे राज्य नांदत होते. त्याचे नाव येथे घालीत नाही, नावावाचून हकीकत अडत नाही. राज्यावर हैबतराव महाराज, बहुत मानी, बोलल्या शब्दास जागणारे. राणी गजराबाईसाहेब, थोड्या बोलण्याच्या. आणि उभयतांस एकच कन्या, मैनाबाई, ती घाटाखालील सरदारांच्या घरी दिली होती. लग्नात पंगतीचे वेळी मानाच्या पाटावरून व्याह्यांशी शब्दाला शब्द वाढला, आणि महाराज उष्टा हात तसाच घेऊन उठले आणि बोलिले की, "आजपासून या गावच्या वेशीत माझे पाऊल पडणार नाही, आणि माझ्या घरच्या कोणाचेही पडणार नाही." मग वऱ्हाड तैसेच परतले, आणि मैनाबाई वेशीच्या आत राहिल्या आणि राणीसाहेब घाटावर राहिल्या. मैनाबाईंचा हिरवा शालू नजरेआड जाहला तो राणीसाहेबांच्या डोळ्यांपुढून हलेना. ताटात मुलीच्या आवडीचे वांग्याचे भरीत आले की त्या घास खाली ठेवीत, आणि कोणी पुशिले तर तिखट लागले म्हणत.

पुढे महाराजांनी मोटार घेतली, आणि ती हाकण्यास बाबालाल शिकलगार म्हणून इसम ठेविला. त्याने पहिल्याच महिन्यात हुजूर अर्ज केला की, "सरकार, हजार मैल जाहले की इंजिनातले तेल काढून नवे घालावे लागते. मैल भरले नाहीत तरी सहा महिन्यांपलीकडे ठेवू नये. तेल काळे पडते, त्याचा दम जातो, मग लोखंडावर लोखंड घासते." महाराजांनी पुशिले, "तेल कोठे मिळते?" तो बोलिला, "रेल्वेने येते. घाटाखाली, ठेसणाजवळ कारखाना आहे तेथे." ते ठेसण मैनाबाईंच्याच गावचे, परंतु वेशीबाहेर. महाराज "वेशीबाहेर आहे ना? जा तर," इतकेच बोलिले.

राणीसाहेब पडद्याआडून ऐकत होत्या. त्यांनी घाटाखालच्या देवीची ओटी भरण्याचे निमित्त काढिले आणि मोटारीत बसल्या; आणि मैनाबाईंस आधीच निरोप गेला होता, त्या शेला पांघरून वेशीबाहेर कारखान्याच्या चिंचेखाली येऊन उभ्या होत्या. मायलेकी एकमेकींस पाहताच गळ्यात पडल्या. बाबालालने इंजिनाखालचे बूच काढिले, गरम तेलाची धार घमेल्यात लागली, मग धारेचे थेंब जाहले. कारखानदार बूच लावू लागला तो बाबालाल बोलिला, "थांबा, निथळू द्या. घाण आत राहिली तर नव्या तेलात मिसळेल." हे बोलणे खरेच होते, परंतु त्या दिवशी जितके निथळविले तितके कोणी निथळवीत नाही. तोवर राणीसाहेबांनी लेकीची वेणी सोडून पुन्हा घातली. निघतेवेळी मैनाबाईंनी पुशिले, "आबासाहेब माझी आठवण काढतात?" राणीसाहेब बोलिल्या, "काढतात हो." हे त्यांनी मनचे सांगितले, कारण महाराजांच्या तोंडून तीन वर्षांत लेकीचे नाव निघाले नव्हते.

मग राणीसाहेबांस मोटारीचा मोठा छंद लागला. रोज दिवस कलता तळ्यापर्यंत, तळ्यावरून टेकडीपर्यंत, टेकडीवरून उगाच माघारी, आणि मैल भरत गेले, आणि तेल वरचेवर बदलू लागले, आणि प्रत्येक वेळी देवीची ओटी भरू लागली. ही गोष्ट दिवाण गोविंदपंतांच्या ध्यानी आली. ते सरळ मनाचे, राज्याचा माल वाया जाऊ नये इतकेच पाहणारे. त्यांनी भर दरबारात अर्ज केला की, "चांगले तेल फेकून देणे होत आहे. शहरातून नव्या तऱ्हेचे तेल मागविले आहे, ते वर्षभर टिकते. डबे येथेच येतील, घाट उतरण्याचे कारण नाही." सर्व मानकरी महाराजांकडे पाहू लागले. महाराजांनी मिशीवर हात नेला आणि बोलिले, "मागविलेत ते बरे केलेत. परंतु जुने काढण्याचे काम कारखान्यातच होईल, आणि तेल काळे पडले की नाही ते आम्ही स्वतः पाहू." त्या दिवसापासून महाराज रोज सकाळी मोटारखान्यात जात, तेल मोजायची पट्टी ओढीत, रुमालास पुशीत, उजेडात धरीत आणि काही न बोलता परत जात. लोक म्हणाले, धन्यास काटकसर लागली. राणीसाहेबांनीही तैसेच मानिले आणि मनातून त्यांच्यावर रुसल्या. नवे तेल मात्र मधासारखे पिवळे ते पिवळेच. पौष गेला, माघ गेला, ओटीचे खण पेटीत पडून राहिले.

फाल्गुनात घाटाखालची कासारीण बांगड्या भरावयास आली, आणि राणीसाहेबांचा हात हाती घेऊन बोलिली, "पेढे द्या, आईसाहेब. मैनाबाईंस मुलगी झाली. आज बारावा." राणीसाहेबांनी हात ओढून घेतला तो दोन बांगड्या पिचल्या. मग त्यांनी चुलीवरच्या तव्याची काजळी वाटीत खरवडली आणि भर दुपारी, माणसे जेवणास गेली असता, एकट्या मोटारखान्यात शिरल्या आणि इंजिनाचे झाकण उघडून उभ्या राहिल्या. काजळी आत टाकावी तर तेल काळे होईल, परंतु इंजिन खराब होईल, आणि बाबालालवर आळ येईल, हे त्यांस कळत होते. वाटी त्यांनी तशीच धरून ठेविली. इतक्यात मागे पाऊल वाजले. महाराज उभे होते.

"काय करता?" महाराजांनी पुशिले.

"तेल काळे करते," राणीसाहेब बोलिल्या, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्यांचा आवाज चढला. "शपथ आपली, आणि उपास माझा? मैनाला मुलगी झाली. माझी लेक बाळंतीण आहे आणि मी येथे तेलाचा रंग पाहत बसू?"

महाराज खाली बसले, तेथेच मोटारीच्या पायरीवर. मग हळू बोलिले, "मी रोज सकाळी येतो तो कशास येतो असे वाटते तुम्हांस? काळे पडले का पाहतो. तुम्ही तिला भेटून आलात की दोन दिवस हसता, त्यावरून ती बरी आहे इतके मला कळते. मला दुसरी वाट नव्हती."

राणीसाहेब त्यांच्याकडे पाहत राहिल्या, आणि इतक्या वर्षांचा राग कोठे गेला ते त्यांस समजले नाही. त्या बोलिल्या, "मला एकदा तरी सांगायचे."

"तोंडच उघडले नाही," महाराज बोलिले, आणि लगेच बाबालालास हाक मारिली.

मोटार घाट उतरली, परंतु वेशीशी येताच महाराजांनी थांबविली. "तुम्हांस शपथेतून मोकळे केले. जा. मी येथेच आहे." मैनाबाई बाळंतिणीच्या खोलीत, त्यांस बाहेर येणे नव्हते. राणीसाहेब आत गेल्या, आणि थोड्या वेळाने दूर माडीच्या खिडकीत कोणी तरी तांबडे दुपटे उंच धरिले. महाराज उन्हात, डोळ्यांवर हात धरून पाहत राहिले. दुपटे दिसले, तोंड दिसले नाही. राणीसाहेब परत आल्या तेव्हा त्यांनी पुशिले, "कोणासारखी आहे?" राणीसाहेब बोलिल्या, "मी नाही सांगणार." मग महाराज मोटारीत बसले, "चला" म्हणाले, आणि मोटार घाट चढू लागली, आणि दुसऱ्या वळणापलीकडे गाव दिसेनासे जाहले तेव्हा महाराज बोलिले, "बाबालाल, मोटार फिरव."

वेशीत महाराज उतरले आणि पायी चालत आत गेले. व्याही ओसरीवर होते, ते गडबडीने उठले आणि पागोटे सावरू लागले. महाराजच बोलिले, "रामराम. मला माझ्या मुलीला भेटायचे आहे." व्याह्यांनी बाजूस होऊन वाट दिली. खोलीच्या उंबऱ्याशी महाराज थांबले. मैनाबाईंनी मान वळविली आणि बोलिल्या, "आबासाहेब, किती वाट पाहायला लावलीत." महाराज आत आले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि मैनाबाईंनी मूल त्यांत ठेविले.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. पुढे त्या राज्यात मोटारीचे तेल मैल भरले म्हणजे बदलत, अलीकडे नाही, पलीकडे नाही. मोटार मात्र महिन्याच्या महिन्यास घाट उतरत असे, आणि ती कशास जाते हे कोणी पुशीत नसे. इति.