काहीच नसलेली जागा

एका जंगलात, मुलांनो, रविवार होता. सगळ्याच जंगलांत नसतो. या जंगलाच्या सिंहाला एकदा दमल्यासारखं वाटलं, म्हणून त्याने तो सुरू केला.

त्या जंगलात मार्तंड नावाचं एक अस्वल राहत होतं. ते वारुळं तपासायच्या खात्यात नोकरीला होतं. कोणतं वारूळ पक्कं, कोणतं पोकळ, हे नाकाने हुंगून सांगायचं, एवढंच त्याचं काम. त्याची बायको द्वारका पिल्लांच्या शाळेत शिकवायची. पहिला तास झाडावर चढण्याचा. दुसरा नेहमी खरं बोलण्याचा.

सहा दिवस दोघं कामाला जात. संध्याकाळी गुहेत परत येत. तेव्हा त्यांचं बोलणं असं व्हायचं.

“जेवलात का?”

“जेवलो. तू?”

“जेवले.”

मग दोघं झोपत. लग्नाला बारा वर्षं झाली होती, त्यामुळे यात कुणाचं काही चुकत नव्हतं.

पण रविवारी मात्र ती दोघं सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परत यायची छोटी सहल काढत. द्वारकेचा तसा हट्टच होता. आधी दोघं मोठ्या धबधब्यावर गेली. तिथे इतकी गर्दी होती की धबधबा दिसला नाही, हरणांच्या पाठी दिसल्या. मग दोघं सिंहाची जुनी गुहा बघायला गेली. रांगेत चार तास उभं राहिल्यावर कळलं, की गुहा दुरुस्तीसाठी बंद आहे. येताना दोघांचं भांडण झालं. भांडणाचा विषय होता, रांगेत उभं राहायचं कुणी ठरवलं.

पुढच्या रविवारी त्यांना जायचं होतं कमळतळ्याला. मार्तंड म्हणाला, “मला रस्ता माहीत आहे.” त्यामुळे दोघं वाट चुकली.

दुपारी दोघं एका उताराच्या पलीकडे पोचली. तिथे एक सपाट कातळ होता. शेजारून ओहोळ वाहत होता, त्यात घोटाभर पाणी. कुंभ्याचं एक वाकडं झाड होतं आणि त्याची सावली बरोबर कातळावर पडत होती. बाकी तिथे काही नव्हतं.

पाय दुखत होते, म्हणून दोघं बसली. मग द्वारका म्हणाली,

“अहो, एक सांगू? रागावणार नाही ना?”

“सांग.”

“मला मध आवडत नाही.”

बारा वर्षं तो तिच्यासाठी मध आणत होता. त्यापायी त्याच्या नाकाला एकूण किती माश्या चावल्या होत्या, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

“मग खात का होतीस?”

“तुम्ही इतक्या हौसेने आणायचात. वाटायचं, तुम्हालाच आवडतो.”

“मला?” मार्तंड म्हणाला. “अगं, मला तर त्या वासानेच मळमळतं.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग द्वारका हसायला लागली. मग मार्तंड. अस्वलं हसली तर लांबून भांडल्यासारखी दिसतात, म्हणून ओहोळावरचा एक बगळा उडून गेला. त्यानंतर दोघं सूर्य कलेपर्यंत बोलत बसली. मार्तंडने सांगितलं, की त्याला उंच झाडाची भीती वाटते, म्हणूनच त्याने जमिनीवरची नोकरी धरली. द्वारकेने सांगितलं, की हे तिला पहिल्या वर्षीच कळलं होतं.

पुढचे सगळे रविवार ती दोघं तिथेच गेली. बरोबर उंबरं न्यायची. खायची, पाण्यात पाय सोडायची, बोलायची.

आता त्या जंगलात एक रीत होती. सोमवारी सकाळी जो भेटेल त्याला विचारायचं, “काल कुठे?” आणि त्याने सांगायचं. न सांगणं उद्धटपणाचं मानत. द्वारकेच्या शाळेत गोदूताई नावाची एक साळुंकी गाणं शिकवायची. तिने एका सोमवारी द्वारकेचा चेहरा पाहिला. सोमवारी एवढा टवटवीत चेहरा तिने कधी पाहिला नव्हता.

“काल कुठे, द्वारकाबाई?”

“उताराच्या पलीकडे एक कातळ आहे, तिथे.”

“तिथे काय आहे?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे काहीच नाही हो, गोदूताई. फार छान आहे.”

द्वारका खरं बोलली. ती खरं बोलण्याचा तासच घ्यायची, दुसरं काय बोलणार?

संध्याकाळपर्यंत सगळ्या जंगलाला कळलं, की उताराच्या पलीकडे काहीच नाही आणि ते फार छान आहे.

पुढच्या रविवारी तिथे सशांचं एक कुटुंब आलं. मार्तंड सरकून बसला. त्याच्या पुढच्या रविवारी नीलगाई आल्या, वानरं आली, लांबच्या डोंगरावरचे मोर आले. आल्या आल्या प्रत्येक जण विचारायचा, “बघायचं काय इथे?” मग इकडेतिकडे बघायचा आणि चिडायचा. इतकं चालून आलो आणि इथे खरंच काही नाही, अशा तक्रारी दरबारात गेल्या.

दरबारात पर्यटनाचं खातं एका तरसाकडे होतं. तरस कामाला वाघ होता. त्याने महिन्याभरात त्या जागेचं नाव ‘शांतता पॉइंट’ ठेवलं. हत्ती लावून ओहोळात दगड रचले आणि छोटा धबधबा केला. वाकड्या कुंभ्याला पार बांधला. झाडावर सहा पोपट नेमले. ते दर थोड्या वेळाने एकदम ओरडत, “शांतता राखा! शांतता राखा!” कातळाभोवती कुंपण घातलं आणि पाटी लावली: ‘फक्त जोडप्यांसाठी. एका जोडप्याने फार वेळ बसू नये.’

मार्तंड आणि द्वारका रांगेत उभी राहिली. दुपार टळल्यावर त्यांचा नंबर लागला. दोघं कातळावर बसली. मागून एक नीलगाय म्हणाली, “आटपा हो.”

मार्तंडला आठवडाभर काहीतरी सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं.

“जेवलीस का?” तो म्हणाला.

“जेवले,” द्वारका म्हणाली.

मग त्यांना उठवलं.

तेवढ्यात तरसाला कळलं, की ही जागा शोधणारं जोडपं हेच. तो हात जोडून आला.

“मार्तंडराव, तुमच्यासारखी माणसं रांगेत? छे छे. तुम्ही दर रविवारी दिवसभर कातळावरच बसायचं. लोक कुंपणाबाहेरून बघतील. मूळ जोडपं कसं निवांत बसतं, ते लोकांना कळायला हवं.”

मार्तंड नोकरदार होता. नोकरदार अस्वल खात्याला नाही म्हणत नाही.

ती दोघं बसायला लागली. सकाळपासून लोक बघत उभे. पहिल्याच रविवारी तक्रार आली, की जोडपं आनंदी दिसत नाही. तरसाने निरोप पाठवला, जरा हसा. दोघं हसली. लोकांना वाटलं, भांडतायत. गर्दी वाढली.

चौथ्या रविवारी दोघं खरंच भांडली. ओठ न हलवता भांडावं लागलं.

“साळुंकीला कुणी सांगितलं?” मार्तंड पुटपुटला.

“मग काय खोटं सांगू? पोरांना रोज काय शिकवते मी?”

“एवढं शिकवलंस, गप्प बसायचं नाही शिकलीस.”

द्वारका काही बोलली नाही. गुहेत परतल्यावरही बोलली नाही. सोमवारी बोलली नाही, गुरुवारी बोलली नाही. “जेवलात का?” हेसुद्धा बंद झालं. उंबरं तशीच ठेवलेली असत. मार्तंड त्यातली थोडी एका कोपऱ्यात बसून खायचा, द्वारका दुसऱ्या. असे तीन आठवडे गेले. रविवारी मात्र दोघं कातळावर शेजारी शेजारी बसून हसत.

चौथ्या आठवड्यात, ऐन गर्दीत, द्वारका उठली. कुंपण ओलांडून चालायला लागली. मार्तंडने एकदा तरसाकडे बघितलं, एकदा तिच्या पाठीकडे. आयुष्यात पहिल्यांदा त्याने खात्याचा विचार केला नाही. तो तिच्या मागे धावला.

“अगं, कुठे निघालीस?”

“माहीत नाही.”

“मीही येतो.”

“या. पण रस्ता माहीत आहे असं म्हणू नका.”

तीन आठवड्यांत ती एवढं पहिल्यांदाच बोलली होती. मार्तंड मागून चालत राहिला. खूप चालल्यावर एक घळ लागली. आत बोरीची झुडपं, ओबडधोबड दगड आणि थोडी ओल. बसायला जागा अशी नव्हतीच. दोघं एकाच दगडावर दाटीवाटीने बसली.

“माझं चुकलं,” मार्तंड म्हणाला. “सुख झालं की माणूस सांगणारच. मलाही सांगायचं होतं. वारुळांपाशी विचारायला कुणी नव्हतं, एवढंच.”

द्वारकेने त्याच्या मानेवरचं एक बोरीचं पान काढलं. मग म्हणाली, “उंबरं गोड होती का हो या महिन्यात?”

“कळलंच नाही.”

“मलाही.”

संध्याकाळपर्यंत दोघं तिथे होती. काय बोलली, ते मला माहीत नाही. तिथे तिसरं कुणी नव्हतं.

इकडे कातळ रिकामा पडला आणि लोक ओरडू लागले. तरस धोरणी होता. तो स्वतः बायकोला घेऊन कातळावर जाऊन बसला. तरसाचा आवाजच हसल्यासारखा असतो. दोघं दिवसभर हसली. लोक खूश झाले. म्हणाले, आज खरं जोडपं बघायला मिळालं. मग अस्वलांना कुणी बोलावलं नाही.

सोमवारी द्वारका शाळेत गेली. खरं बोलण्याचा तास चालू होता. सगळी पिल्लं समोर बसली होती. गोदूताई खिडकीत येऊन बसली.

“काय द्वारकाबाई, काल कुठे? चेहरा काय खुललाय!”

पिल्लं बघायला लागली. द्वारका शाळेतल्या अकरा वर्षांत एकदाही खोटं बोलली नव्हती. तिने पिल्लांकडे बघितलं. मग खिडकीकडे.

“एका घळीत गेलो होतो,” ती म्हणाली. “पण जाऊ नका हो, गोदूताई. डास काय डास! पाण्याला घाण वास. आणि ह्यांचं पोट बिघडलं ते निराळंच. चेहरा सुजलाय माझा, खुललाय कसला?”

“अरेरे,” गोदूताई म्हणाली आणि फार समाधानाने उडून गेली.

संध्याकाळी द्वारकेने मार्तंडला सगळं सांगितलं.

“पोरांच्या देखत खोटं बोलले मी.”

मार्तंडने विचार केला. “पोट कुणाचं बिघडलं म्हणालीस?”

“तुमचं.”

“बरं. पुढच्या सोमवारी तुझं बिघडव.”

तात्पर्य: आनंद वाटल्याने वाढतो, असं तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असेल. ते अगदी खरं आहे, मुलांनो. तो इतका वाढतो, की ज्यांचा असतो त्यांनाच बसायला जागा उरत नाही. डास मात्र वाटायला घेतले, तर घ्यायला कुणी येत नाही.