‘जातो’ म्हणणारे चाचा

दाऊदचाचा पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा निघताना दारात चपला घालून खणखणीत आवाजात म्हणाले, “जातो गो!”

माझ्या काळजात धस्सच झालं. अहो, कोकणातला माणूस आणि ‘जातो’ म्हणतो? मी म्हटलं, “चाचा, असं बोलू नये. येतो म्हणा.”

“नाय म्हणणार,” चाचा म्हणाले आणि जिना उतरून गेलेसुद्धा. 

चाचा दाभोळजवळचे. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत स्टोअरकीपर. मिसरूड फुटायच्या वयात वेल्डिंगचा हेल्पर म्हणून इथे सौदीत, जुबैलला आले, ते आता दाढी पांढरी झाली तरी इथेच, कंपनीच्या कॅम्पात. दर जुम्म्याला दुपारी आमच्याकडे जेवायचे आणि जेवणानंतर माझ्या ईराला गोष्ट सांगायचे. ईरा नऊ वर्षांची. मराठीत विचारलं तर हिंदीत बोलणार, हिंदीत विचारलं तर इंग्रजीत. पण गोष्टीच्या वेळी कान टवकारून बसायची.

गोष्ट नेहमी एकाच वाक्याने सुरू व्हायची. “तेव्हा जुबैल नव्हता गो. वाळू होती, नि आमचा कॅम्प होता.” मग त्या वाळूत यायचा बाबू नावाचा कोकणातला पोरगा आणि वाळवंटात तंबू ठोकून बकऱ्या चारणाऱ्या बदूंचा सालेह नावाचा पोरगा. एकाला अरबी येत नाही, दुसऱ्याला मराठी. तरी दोघांचं गूळपीठ! एकदा बाबूने सालेहला बांगड्याचं तिखलं खाऊ घातलं, तर त्या बिचाऱ्याने बकरीचं सगळं दूध पिऊन संपवलं. एकदा सालेहच्या बकरीने बाबूचा वेल्डिंगचा हातमोजा खाल्ला, आणि फोरमनला ते पटेना म्हणून दोघांनी ती बकरीच त्याच्या ऑफिसात नेऊन उभी केली. तिथे तिने त्याची टोपी खाल्ली. ईरा हसून हसून लोळायची.

बाबूने सालेहला थोडं मराठीही शिकवलं होतं. लांबून बाबू ओरडायचा, “येतो रे!” की सालेह तंबूत पळायचा आणि गहवा उकळायला ठेवायचा. इथली वेलची घातलेली कॉफी हो. मग सालेहने विचारायचं, “जेवलास?” बाबूने म्हणायचं, “जेवलो. तू?” पोटात कावळे ओरडत असले तरी हेच.

हे गोष्टीत ठीक होतं. पण चाचांना हाच नाद बाहेरही होता. आमच्याबरोबर मॉलला आले की मोबाईलच्या दुकानासमोर थांबायचे. “इथं सालेहचा तंबू,” असं तिथल्या सिक्युरिटीवाल्याला ठणकावून सांगायचे. आणि समोरून कुणी पांढऱ्या पायघोळ तोबातला म्हातारा अरब दिसला की सरळ पुढे होऊन विचारायचे, “जेवलास?”

मराठीत! मी मेले लाजेनं. तो भला माणूस गोंधळून सलाम करायचा, चाचाही सलाम करायचे आणि परत यायचे. मी म्हणायची, “चाचा, कशाला छळता लोकांना?”

“विचारलं तर काय बिघडलं गो?”

मग या वर्षी कंपनीने त्यांना घरी पाठवायचं ठरवलं. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना बंद, फायनल एक्झिट, खलास. शेवटच्या जुम्म्याला मी मुद्दाम बांगड्याचं तिखलं केलं. चाचांनी दोनच घास खाऊन ताट बाजूला सारलं. ईरा मात्र सोडेना.

“चाचा, एंड बताओ ना. बाबू और सालेह का क्या हुआ?”

चाचांनी हात धुतले, पुसले, परत पुसले. मग सांगायला लागले. “बाबूची बदली झाली गो. राबिघला. पार दुसऱ्या समुद्रावर. कंपनीची बस हॉर्न मारत होती, ड्रायव्हर यल्ला यल्ला करत होता. बाबू पळत तंबूवर गेला. आता निघताना माणूस काय म्हणतो? आईनं शिकवलेलं तेच तोंडात आलं. म्हटलं, येतो. सालेह खूश झाला. मी येतो म्हटलं की काय करायचं, ते त्याला ठाऊक होतं. गहवा ठेवायला आत गेला. आणि मी बसमध्ये बसलो.”

बाबूचा ‘मी’ झाला, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

“परत आलो तेव्हा इथं कुंपण पडलं होतं. तंबू उठलेले. कोण म्हणाला हुफूफकडे गेले, कोण म्हणाला नाय. त्याला सांगायचं राहिलं गो, की आमच्यात जाणाराच ‘येतो’ म्हणतो. तो बसला असेल वाट बघत.”

मला त्या मॉलमधल्या सगळ्या म्हाताऱ्या अरबांचे चेहरे आठवले. इतकी वर्षं हा माणूस मित्राला शोधत होता, आणि मी त्याला गप्प करत होते. माझे डोळे भरून आले.

निघताना चाचांनी चपला घातल्या. ईराने त्यांचा सदरा धरून ठेवला.

“जातो हां गो बाय.”

“नहीं. ‘येतो’ बोलो.”

“बोललो तर वाट बघत बसशील गो.”

“बसेन,” ईरा म्हणाली.

पोरीने आपणहून मराठीत उत्तर दिलं! चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, “येतो.” आणि मागे न बघता जिना उतरले.

पुढच्या जुम्म्याला आम्ही मॉलला गेलो. मोबाईलच्या दुकानासमोर बाकावर एक म्हातारे अरब गृहस्थ काठी टेकून बसले होते. मी काही म्हणायच्या आत ईरा माझा हात सोडून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“जेवलास?”

मी तिला आवरायला पुढे झाले खरी. पण त्यांनी मान वर केली, आणि ते काय म्हणतात ते ऐकायला मीही तिथेच थांबले.