दलदलीची रंगीत तालीम

आमची लेक तेजस्वी आणि जावई विश्वजित अमेरिकेत, फ्लोरिडात असतात. (हवा आपल्या कोकणासारखीच, फक्त घाम डॉलरात येतो.) परवा व्हिडिओ कॉलवर तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही दोघं इकडं आलात की दलदलीच्या जंगलात तंबू ठोकून राहू या का?" माझी खारी नेमकी चहात बुडत होती. तिला वाचवायच्या नादात मी "हो" म्हणून बसलो.

मग कळलं, त्या जागेवर नळ नाही, वीज नाही, संडास नाही. पाणी आपलं आपण न्यायचं, कचरा आपला आपण परत आणायचा. आणि शेजार मगरींचा.

"झेपेल ना, बाबा?"

"अगं, महापुरात पंचगंगेत मगरीच्या पाठीवर हात टेकून दम खाल्लेला माणूस आहे मी!" (मी पुलावर होतो आणि पाण्यात ओंडका होता. पण अमेरिका लांब आहे, वाटेत तपशील बदलतात.)

हे ऐकून आमच्या मंडळी, म्हणजे संयोगिता, शांतपणे म्हणाल्या, "आधी रविवारी माझ्या माहेरी कोडोलीला ओढ्याकाठी दिवसभर एकटं राहून दाखवा. नेलेलं तेवढंच खायचं, कुणाकडनं काही घ्यायचं नाही. जमलं तर दोन तिकिटं. न्हाय जमलं तर मी एकटी जाते."

आता माघार कशी घ्यायची? अमेरिकेची बातमी मी शिवाजी पेठेत कधीच फोडली होती. तालमीच्या कट्ट्यावर निरोपसमारंभाचा अध्यक्षसुद्धा ठरला होता.

रविवारी ओढ्याकाठी तंबू उभा केला. (त्याआधी दोनदा तोच माझ्यावर आडवा झाला.) पायाखाली पचपच चिखल, भोवती पुरुषभर पाणकणसं, कानाशी डास. सोबत पाण्याची बाटली, चिरमुरे आणि केळी. हुबेहूब फ्लोरिडा!

तासाभरातच मेहुणा आकाराम येऊन ठेपला.

"दाजी! ताईसंगं भांडण झालंय व्हय?"

"नाही रे. सराव करतोय."

"कसला?"

"काही नसताना राहायचा."

आकारामचं तोंड सुतकी झालं. "गावचा जावई चिखलात चिरमुरं खातोय, आन् आम्ही घरात मटण हाणायचं? लोकं तोंडात शेण घालतील की!"

मी नियम समजावला. त्यानं मान डोलावली, गेला आणि डोक्यावर बाज घेऊन परत आला. मागनं त्याची बायको बाळाबाई गादी घेऊन. तिच्यामागनं त्याच्या चुलत्यांनी मटणाचं पातेलं आणलं, रश्श्याची पातेली आणली. शेतातल्या पाण्याच्या मोटरीच्या खोपीतनं वायर ओढून टेबलफॅनही लागला. मी प्रत्येक गोष्टीला ठणकावून नाही म्हणत होतो. पांढऱ्या रश्श्यालाही नाही म्हणायला तोंड उघडलं, तर आकारामनं त्यात वाटीच रिकामी केली. तिथनं पुढं मी नाही म्हणालो नाही.

तिसऱ्या वाटीला फोन वाजला. स्क्रीनवर एकीकडं संयोगिता, दुसरीकडं तेजस्वी.

"दडा!" मी ओरडलो. जावयाचा शब्द! अख्खी भावकी पाणकणसात गळाभर पाण्यात जाऊन बसली. मी ताट तंबूत सारलं आणि फोन उचलला.

"बाबा, एकटेच ना?"

"एकटाच! आणि उपाशी!"

"मग मागं पाण्यात डोकी कसली?"

मी वळून पाहिलं. डोकीच डोकी. मला काही सुचलं नसतं तर बरं झालं असतं. पण सुचलं.

"मगरी!" मी कुजबुजलो. "मोठ्यानं बोलू नकोस, बिथरतील."

तेवढ्यात त्यातली एक मगर टोपी सावरत उभी राहिली. हातात पळी होती. "दाजी, ताटातला रस्सा निवला आसंल. गरम वाढू का?"

फोनवरनं संयोगिताचा आवाज आला, "वाढ, आकाराम. पोटभर वाढ. त्यांना आता कुठं जायचं न्हाय."

तेजस्वीच्या खांद्यावरनं विश्वजित डोकावला. चार वर्षं त्याच्या पोटात कोल्हापुरी रस्सा गेला नव्हता. "आई," तो व्याकूळ होऊन म्हणाला, "येताना ती मगर घेऊन या."

आकारामचा पासपोर्ट आला. तो परत येईस्तोवर त्याच्या चार म्हशींची धार मी काढायची ठरलंय. मी आठवडाभर सरावाला कोडोलीला जातोय. म्हशींनी अजून मला गोठ्यात घेतलेलं नाही.