दामल्यांचं जस्त

दामले कुणाशी हात मिळवायचे नाहीत. समोरच्याने हात पुढे केला की आपला मागे घेत म्हणायचे, "माणसावर नाही हो, हातावर संशय आहे."

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास म्युनिकच्या एका संस्थेत मी पीएचडी करत होते; दामले माझे सीनियर. जिवंत पेशीत जस्त कुठे आहे ते दाखवणारं एक रसायन त्यांनी बनवलं होतं. जस्त भेटलं की ते हिरवं चमकायचं. पंचाईत अशी की जस्त सगळीकडेच असतं. नळाच्या पाण्यात, रबरी हातमोज्यांत, अगदी चेहऱ्याच्या पावडरीतसुद्धा. माझी पावडर त्यांनी बंद करवली. पेट्रा या आमच्या टेक्निशियनचं हँडक्रीम तर जप्तच झालं.

त्या हिवाळ्यात पेशी जस्त घालायच्या आधीच चमकायला लागल्या. रोज!

"आल्झो, म्हणजे आपल्यातच कुणीतरी घरभेदी आहे," दामले म्हणाले आणि सगळ्यांना शुद्ध पाण्यात बोटं बुडवायला लावली. त्या पाण्यात रसायनाचा थेंब टाकून कुपी अतिनील दिव्याखाली धरायची. माझी कुपी काळीच राहिली. पेट्राचीही.

"आता तुमची," पेट्रा म्हणाली.

"माझी कशाला?"

"गेनाऊ, अगदी तुमचीच."

दामल्यांची कुपी हिरवीगार पेटली.

पेट्रा पोट धरून हसत सुटली. दामले मात्र मटकन खुर्चीत बसले.

"मलम," ते मला मराठीत म्हणाले. "लंगोट बदलताना लावतो ते. त्यात जस्तच असतं. डोक्यातच आलं नाही."

"कुणाचे लंगोट?"

"मुलीचे. दिवस भरायच्या आधीच झाली. एवढीशी. बायकोचं ऑपरेशन झालंय, सासूबाईंना व्हिसा मिळाला नाही. मीच करतो सगळं."

"अहो, मग कुणाला बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? राहते की नाही, याचीच खात्री नव्हती."

मराठी कळत नसूनही पेट्राचं हसू थांबलं होतं.

"आता कशी आहे?"

"दूध पिते. काल माझ्याकडे बघून हसली. म्हणजे, हसली असावी."

"नाव काय ठेवलंत?"

"श्टांडेसआम्टला, जन्मनोंदणीच्या कचेरीत, हवं होतं म्हणून कागदावर लिहिलंय. हाक मारायचा धीर नाही झाला अजून."

 मग त्यांनी अगदी हळू, जपून, पहिल्यांदाच म्हणून पाहिलं, "ईरा."