गैरसोय भत्ता

वर्तमानपत्राच्या परदेशातल्या वार्ताहराला पगार, घरभाडं, मुलीची फी आणि वर गैरसोय भत्ता मिळत असे. तीन वर्षांत त्या परक्या शहरात त्याला एकही गैरसोय सापडली नव्हती. हे ऑफिसला कळवायचं काही कारण नव्हतं. त्याने ते रविवारच्या पुरवणीत लिहिलं.

चोवीस तास पाणी, घड्याळ लावून घ्यावं अशी बस, दारात सफरचंदं ठेवून जाणारी शेजारीण. लेख झकास जमला. सोमवारी मुख्य कार्यालयातून हिशेबनिसांचा फोन आला.

"लेख वाचला. घरी सगळ्यांना आवडला."

"अरे वा! आभारी आहे."

"गैरसोय भत्ता या महिन्यापासून बंद केलाय."

वार्ताहराने ताबडतोब दुसरा लेख पाडला. एक दिवस बंद पडलेली लिफ्ट त्यात महिनाभर बंद राहिली, खिडकीतली झुळूक हाडं गोठवू लागली आणि शेजारणीचं तर नावच निघालं नाही. स्वतःचंच वाचून त्याला गहिवरून आलं.

संपादकांनाही आलं. "किती सोसलंत हो! आणि चकार शब्द काढला नाहीत! पुढच्या महिन्यात सगळे परत या. मी बघतो."

वार्ताहराच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोला नुकतीच वाचनालयात नोकरी लागली होती. मुलगी तर आता झोपेतसुद्धा तिथल्याच भाषेत भांडायची.

"कुणी सांगितलं होतं रडगाणं गायला?" बायको कडाडली. "आता खरं काय ते लिहा. खड्ड्यात गेला तो भत्ता!"

त्याने संपादकांना लिहिलं: 'इथे आम्ही सुखात आहोत. भत्ता नको, पण इथेच राहू द्या.'

दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला. "अशी माणसं राहिली नाहीत हो! तुम्हाला परत आणण्यापेक्षा भत्ता दुप्पट करून तिथेच ठेवावं, असं मालकांनी कालच ठरवलं होतं. आज सही व्हायची, तेवढ्यात तुमचं पत्र आलं. मालक म्हणाले, अशा माणसाला पैशाने मोजणं म्हणजे त्याचा अपमान! राहा तुम्ही, बिनधास्त राहा."

वार्ताहराने फोन ठेवला.

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"राहा म्हणाले."

"देव पावला! आणि भत्ता?"

"माझं फार कौतुक केलं."

बायकोने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि ती जी हसत सुटली, ती मुलगी शाळेतून येईपर्यंत थांबली नाही. मग तोही हसला.