अण्णा पोर्ट लुईत पाव्हणे शोधतात

शिवशरणप्पा अण्णांच्या शेजारी तुम्ही पाच मिनिटं बसलात, तर उठताना तुम्ही त्यांचे नातेवाईक झालेले असता.

पद्धत ठरलेली. आधी गाव, मग आडनाव, मग मामाचं गाव, मग कुलदैवत. तेवढ्यात कुठे तरी धागा सापडतोच आणि अण्णा मांडीवर थाप मारतात, "नम्म मंदीच की!" म्हणजे, आपलीच माणसं. अक्कलकोटकडचे असल्यामुळे आनंद झाला की ते कानडीत शिरतात. शेजारीच आमच्याकडे नळ दुरुस्त करायला आलेला माणूस त्यांच्या चुलत मेव्हणीच्या दिराचा साडू निघाला. बिचारा पाना बाजूला ठेवून अण्णांकडे जेवायला बसला, आमचा नळ गळत राहिला. एकदा दवाखान्यात माझा रक्तदाब मोजणाऱ्या नर्सबाईंना त्यांनी मामाचं गाव विचारलं. रक्तदाब वाढलेलाच आला.

अण्णांचं सोलापुरात चाटी गल्लीत टॉवेल-चादरीचं दुकान होतं. यंदा ते त्यांनी विकून टाकलं. एकटा जीव, आता काय करणार म्हणून मी काळजीत, तर एके सकाळी चहाला येऊन म्हणाले, "गुरुजी, मोरसला जाऊन येऊ की."

मोरस म्हणजे मॉरिशस. तिकडून येणाऱ्या साखरेला जुनी माणसं मोरस साखर म्हणायची.

"तिथे काय आहे अण्णा?"

"आमच्या आज्याचा धाकटा भाऊ ऊस तोडाय गेलता तितं. परत आला न्हाय. त्याचं कोन तरी असंलच की. एक तरी रक्ताचं मानूस घावलं म्हंजे जालं."

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला. ते मजूर जिथे उतरले ते पोर्ट लुईचं बंदर बघायची मलाही हौस होती. बायको म्हणाली, "जा सोबत. नाही तर विमानातच सगळ्यांची कुलदैवतं विचारत बसतील." मी सोबत होतो, तरी त्यांनी विचारलीच.

पोर्ट लुई हे मोठं मजेशीर शहर आहे. मागे अंगठा वर केल्यासारखा डोंगर, पुढे बंदर, आणि मशीद, चिनी दुकानं, तमिळ देऊळ एका फेरफटक्यात दिसतात. रस्त्यावर डाळपुरी मिळते. अण्णांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "पुरनपोळीत गूळ घालाय इसरल्यात." आणखी दोन मागवल्या.

बंदराजवळ जुन्या दगडी पायऱ्या आहेत. जहाजातून उतरलेले मजूर याच पायऱ्यांनी बेटावर आले. मी गाइडला भंडावून सोडलं. आजाऱ्यांना कुठे ठेवत, स्वयंपाक कुठे करत, बायका कुठे निजत? अण्णांनी मात्र चपला काढल्या, सावकाश वर चढले आणि मला म्हणाले, "ह्यास्नी मामाचं गाव इचारा."

मी विचारलं. गाइडची आई चिनी निघाली.

अण्णा बराच वेळ आठवत राहिले. "चीनमधी आपलं कोन न्हाय," ते शेवटी खेदाने म्हणाले.

तिथून आम्ही बाजारात गेलो. व्हॅनिलाच्या शेंगा विकणारी एक म्हातारी आमचं बोलणं कान देऊन ऐकत होती. "आपण मराठी आहात? मीसुद्धा मराठी आहे," ती म्हणाली. शाळेत शिकलेलं, सावकाश, पुस्तकी मराठी. अण्णांनी पिशवी खाली ठेवली आणि कामाला लागले.

"आडनाव काय बाई?"

"सखाराम. पार्वती सखाराम."

"ते नाव जालं की. आडनाव?"

"तेच. पणजोबा बोटीतून उतरल्यावर कारकुनाने त्यांच्या बापाचं नाव लिहिलं, ते आडनाव झालं."

"बरं, कुलदैवत?"

"गणपती. इथे सगळ्यांचा गणपतीच."

"मग गाव कंचं?"

म्हातारीने शेंगांच्या जुड्या उगाचच सारख्या केल्या. "ठाऊक नाही. आजोबा लहान होते तेव्हाच त्यांचे आईवडील वारले. मग सांगणार कोण? इथले लोक इंडियाला जातात, आपलं गाव बघून येतात. मला विचारतात, तुझं गाव कुठलं? मी म्हणते, बॉम्बे. बोट तिथून निघाली ना."

 अण्णांच्या लिंगायत घराण्यात सखाराम हे नाव कुणी ठेवलेलं नव्हतं. ही आपली नव्हे, हे त्यांना नाव ऐकताच कळलं असणार. एवढ्या लांब येऊन हात रिकामेच. मला फार वाईट वाटलं. "चला अण्णा, बस सुटेल," मी म्हणालो.

ते हलले नाहीत.

"बाई, गाव न्हाय असं म्हनू नका," ते म्हणाले. "आमचं मैंदर्गी घ्या. तालुका अक्कलकोट, जिल्हा सोलापूर. कुनी इचारलं तर सांगायचं, शिवशरणप्पाची बहीन हाय म्हनून."

तिला ते नीट कळलं नसावं, म्हणून मी शुद्ध मराठीत पुन्हा सांगितलं.  तिने डोळे मिटले. "मैंदर्गी," ती हळूच म्हणाली. मग पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

"तिथे आपलं कोण आहे?" तिने विचारलं.

इतकी वर्षं शेजारी राहून हा प्रश्न मी अण्णांना कधीच विचारला नव्हता. अख्खं सोलापूर ज्याचं नातेवाईक, त्याला काय विचारायचं?

"आता कोन न्हाय," अण्णा म्हणाले. "शेवटला भाऊ हुता, त्यो दिवाळीत गेला. घराला कुलूप हाय. पर तुमी या. मी म्होरं जाऊन उगडून ठेवतो."