चौदा पहिले पाटील

प्रोग्राम काय, कुणीही लिहील हो! पण प्रोग्रामकडून प्रोग्राम लिहून घेणारा अख्ख्या जळगाव जिल्ह्यात मी एकटाच! निदान सत्त्याण्णव साली माझी तशी ठाम समजूत होती.

रावेरच्या केळी सोसायटीत मी कच्च्या नोकरीवर होतो. चेअरमन जीवराम आबांनी बजावलं होतं, "महिन्यात सभासदांचं काम कॉम्प्युटरवर आणा. जमलं तर नोकरी पक्की. नाही तर तुम्ही आणि तुमचा हा डबा, दोघं एकाच एस.टी.नं जळगावला!"

मी कशाला बोटं झिजवतोय? मशीनला सांगितलं, प्रत्येक सभासदाचा प्रोग्राम तूच लिही, नावही तूच दे. आडनाव घे, पुढे नावाचं इंग्रजी अक्षर घे, आणि शेवटी आकडा लाव. एक, दोन, तीन. झालं! मी चहा पिऊन येईपर्यंत दीडशे नावं तयार. सभासद सगळे पाटीलच, माझ्यासारखे! पाटील टी एक, पाटील टी दोन, पाटील एन एक... इतका खूश झालो, की यादी छापून सोसायटीच्या दारावर चिकटवली.

तिथेच माती खाल्ली. त्या दारावर नावापुढे आकडा म्हणजे ट्रक भरायचा नंबर, ही तिथली वीस वर्षांची रीत. मला कुठे माहीत!

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तोताराम पाटील धापा टाकत आले. "माही गाडी कुठी हाये भो? पहिला नंबर देला ना मले? पहाटेच माल कापला!"

त्यांच्या मागे निंबा पाटील. "पहिला नंबर तं माहा हाये!"

मागोमाग रतिलाल पाटील, गिरधर पाटील, वना पाटील. चौदा अक्षरं, चौदा पहिले नंबर! चौदा मळ्यांत केळीचे घड कापून पडलेले आणि गाड्या तीन!

"आज भरला नाही तं दिल्लीच्या आधीच पिकून जाईन माल! वर्षाची मेहनत हाये भो," तोताराम रडकुंडीला आले.

"आता रडू नका रे," रजिस्टर सांभाळणाऱ्या शेवंताअक्का उठल्या. "आबा, दिल्लीकडे रिकाम्या जाणाऱ्या गाड्या थांबवा. एकेका गाडीत दोघातिघांचा माल घालू. आणि तुम्ही साहेब, चिठ्ठ्या छापा. प्रत्येकाच्या मालावर एक."

मी ऐटीत छापलं, पाटील टी एक. अक्कांनी चिठ्ठी टराटरा फाडली. "दिल्लीचा व्यापारी याला ओळखतो का? लिहा, विहीरवाले तोताराम! पुढचे, बुलेटवाले निंबा! तिसरे, तमाशावाले रतिलाल!"

"अक्का, तमाशा सोडून धा वर्षं झाली!" रतिलाल कळवळले.

"लिहा तुम्ही!"

मी मुकाट्याने टाईप करत राहिलो. पाटलांचे सगळे ट्रॅक्टर बाहेर निघाले, मळ्यांतले घड रस्त्यावर आले, माणसांनी एकमेकांचा माल खांद्यावर वाहिला. दिवेलागणीपूर्वी शेवटची गाडी सुटली. एक घड मागे राहिला नाही! तोतारामांनी मला मिठीच मारली. खरं सांगतो, डोळे भरून आले.

"यादी राहू द्या, फक्त नावं अक्का सांगतील," आबा म्हणाले, "आणि नोकरी पक्की!"

नेमणुकीचं पत्र लगेच तयार झालं. अक्कांनी मजकूर सांगितला, आबांनी सही ठोकली. ते पत्र अजून माझ्याकडे आहे, पण मी कुणाला दाखवत नाही. त्यावर लिहिलंय, 'श्री. गोंधळवाले पाटील यांस'.

टाईप मीच केलं होतं.